फौजदाराच्या जांभया

८ ऑक्टोबर

गणपती गेले, कारखाना झाडून झाला, ब्रश धुऊन डब्यात ठेवले आणि दरवर्षीसारखं मला काय करावं ते कळेना. मूर्तींचे डोळे आखायचं माझं काम. पेणजवळ जोह्यात आमच्या कारखान्यातून जेवढे गणपती बाहेर पडतात, त्यांचे डोळे गेली तीस-बत्तीस वर्षं मीच आखते. मोसम संपला की हाताला चैन पडत नाही. यंदा मात्र नवीनच काम गळ्यात पडलंय, म्हणून ही वहीही सुरू करते.

गणपतीच्या आधी डॉक्टर शीतल मूर्ती न्यायला आल्या होत्या. पेणहून रोह्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी सोडवून आणलेल्या प्राण्यांचं केंद्र आहे, तिथल्या त्या डॉक्टर. मी डोळे आखत होते. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अनिताताई, तुमची बैठक मोडत नाही आणि नजरही हलत नाही. आमच्याकडे माकडं बघायचं काम कराल का?" आमचे हे एवढे हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला.

आज पहिला दिवस. जोह्याहून एसटीने पेण, तिथून केंद्राची जीप. माकडं म्हणजे आपल्या कौलांवर नाचतात ती नव्हेत. काळीभोर, तोंडाभोवती पिकलेल्या केसांची झालर, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. सह्याद्रीच्या पार खालच्या टोकाला, कर्नाटक-केरळाकडे राहतात. जंगलात आता थोडीच उरलीत. इथे चार आहेत. फौजदार हा नर, नाव शोभतं. शांती ही म्हातारी. तायडी आणि तिचं पिल्लू. दक्षिणेत एक खासगी बाग बंद पडली, तिथून ती आणली.

शेजारच्या लहान पिंजऱ्यात पाचवी, जनी. कोणीतरी हौसेने विकत घेऊन बंगल्यात वाढवलेली. बिस्किटं खायची, टीव्ही बघायची. आपण माकड आहोत हे तिला ठाऊकच नाही. स्वतःचा पाय छातीशी धरून झुलत बसते. दोन पिंजऱ्यांमध्ये जाळी आणि जाळीला एक दार. हळूहळू ओळख झाली की ते दार उघडून जनीला घरात घ्यायचं. ओळख होतेय की नाही, हे बघून लिहायचं काम माझं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. हात लावायचा नाही, दात दाखवून हसायचं नाही, कोणाकडे रोखून बघायचं नाही. हसण्याची सवय मोडावी लागेल. रोखून बघायचा प्रश्नच नाही, मला कोणाचा राग येत नाही.

१३ ऑक्टोबर

त्यांचा दिवस आता मला समजायला लागला. सकाळी उन्हाची तिरीप वरच्या फळीवर आली की सगळी तिथे ओळीने बसतात, पोटं उन्हाकडे करून. मग शांती तायडीचे केस विंचरते, तायडी पिल्लाचे. मालू पाटीतून पपई, काकडी, मोडाचे मूग टाकते. मालू इथली जुनी, पेणजवळच्या वाडीवरची, तोंडाने फटकळ. फळं आली की फौजदार आधी गालाच्या पिशव्या भरून घेतो, खाणं नंतर. लग्नात खिशात लाडू कोंबणाऱ्या एका पाहुण्याची आठवण झाली. दुपारी खाली उतरून सुका पाला उलटापालटा करत किडे शोधतात. हे काम शांती सगळ्यांत नेटाने करते. एकेक पान उचलते, मागून बघते, खाली ठेवते.

बघणाऱ्यासाठी लावलेल्या बांबूच्या आडोशात मी बसत होते, तिथून नीट दिसेना. डाव्या डोळ्याला हल्ली धूसर दिसतं. म्हणून स्टूल जाळीजवळ आणलं. सासूने मला शिकवलं होतं, डोळे आखताना मूर्तीच्या डोळ्याला डोळा लावायचा, आपली नजर हलली की देवाची तिरळी होते. तसंच बसते. तोंडाच्या पातळीला तोंड. त्याशिवाय कोणाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

फौजदार माझ्यासमोर येऊन बसतो आणि मोठमोठ्या जांभया देतो. सुळे केवढे! माझी सवय झाली असावी, निवांत वाटत असेल. डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात जांभईचा रकाना आहे, तो भरभरून लिहिला.

मालू म्हणाली, "काकू, तुम्ही आलात की त्याला झोपच येते. कीर्तन सांगता काय?"

जनी माझी लाडकी झाली. बाकीची तोंड फिरवतात, ती सरळ डोळ्यांत बघते. जाळीला नाक लावून बसते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. घरी आहे.

सुरभीबद्दल लिहायचं राहिलं. रितेशचं लग्न मेमध्ये झालं. सून रोह्याकडची, शेतकऱ्यांच्या घरातली. मुलगी गुणी आहे. तिच्या दारातल्या रांगोळ्या बघूनच मी हिला आखणी शिकवायचं मनात घेतलं होतं. माझे डोळे काय जन्मभर पुरणार नाहीत. गणपतीच्या घाईत जमलं नाही, आता टाकाऊ मूर्ती घेऊन शिकवते. मी समोर बसते, मूर्तीच्या पलीकडे. पण तिचा हात बसत नाही. रांगोळीत केसाएवढी रेघ ओढणारी पोरगी, आणि इथे ब्रश टेकला की थरथर. मी एक शब्द बोलत नाही. माझी सासू हातावर फटका मारायची. मी नुसती बघते.

अशक्तपणा असणार. अळीव आणून लाडू केले. रोज सकाळी एक.

२ नोव्हेंबर

वाईट दिवस.

आज पहिल्यांदा मधलं दार उघडलं. डॉक्टर मागच्या बाजूला सरकदाराच्या दोरीपाशी, मालू पाण्याचा पाइप घेऊन, मी माझ्या स्टुलावर. मला सगळं टिपायचं होतं, म्हणून आणखी पुढे सरकून बसले. जनी दारातून आत आली आणि कुठे जावं ते न कळून सरळ माझ्या बाजूच्या जाळीकडे आली. माझ्याकडे बघत बसली. फौजदाराने जांभई दिली, मग जाळी धरून गदागदा हलवली. तायडी एकदम खाली आली आणि काही कारण नसताना जनीच्या हाताला चावली. मालूने पाणी मारलं, जनी परत आपल्या बाजूला पळाली, डॉक्टरांनी दोरी सोडून दार पाडलं. तिच्या बोटाला टाके पडले.

नंतर डॉक्टर ऑफिसात बोलल्या. "अनिताताई, जानेवारीअखेर बघू. तोपर्यंत जमलं नाही तर तिला दुसऱ्या राज्यातल्या बागेत पाठवायचं ठरलंय. पिंजरा तयार आहे त्यांचा."

"तिथे हिच्या जातीची असतील ना?"

"एकही नाही. ती एकटीच असेल. लोक बघायला येतील."

जीपमध्ये मालू रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली. पेण आल्यावर म्हणाली, "त्यापरीस बंगलाच बरा व्हता तिचा. टीव्ही तरी व्हता."

६ नोव्हेंबर

जनी हात चाटत बसते. मला बघून जाळीशी आली. मी तिच्याशी डोळ्यांनीच बोलले. तायडी वरून बघत होती. तायडी माणूस असती तर तिला चार शब्द सुनावले असते.

१४ नोव्हेंबर

पुन्हा दार उघडलं, पुन्हा तेच. चावाचावी नाही झाली, पण तायडीने हाकललं. मी मुद्दाम तायडीच्या समोर बसले होते, लक्ष राहावं म्हणून. डॉक्टर माझा तक्ता बघून म्हणाल्या, "एवढ्या जांभया? कशाने अस्वस्थ आहे हा?" मला हसू आलं. जांभई देणारा माणूस अस्वस्थ कसा असेल? शिकलेल्या लोकांचं काही वेगळंच.

घरी आले तर ओटीवर शेजारची विठूची आई बसलेली. मला डोळा मारून म्हणाली, "अळीव चाललेत म्हणे सुनेला! कितवा महिना गो?"

"अगो, हाताला ताकद यावी म्हणून देते."

"हाताला व्हय! आमच्या वेळी नाय कोणी हाताला दिले."

सुरभी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. जेवताना म्हणाली, "आई, रोह्याला कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत. माझी मावसबहीण जाते. मी जाऊ का?"

मी म्हटलं, "आणि आखणी?"

"ती काय मला जमणार नाही."

रितेश ताटात बघत जेवत राहिला. हे म्हणाले, "जायचं तर जाऊ दे. शिफ्ट असेल, ये-जा लांबची, एवढं बघ." मला कळत नाही, घरात सावलीत बसून करायचं काम सोडून ही मुलगी गाडीचे धक्के खात रोह्याला का जाईल? मी तिला कधी वाकडं बोलले नाही. उद्यापासून दोन लाडू.

२२ नोव्हेंबर

आज तक्त्यात शांतीच्या रकान्यात फौजदार लिहिला. डॉक्टरांच्या लक्षात आलं. डाव्या डोळ्यावर पूर्ण पडदा आलाय. पेणच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू आधीच सांगितला होता, मीच ढकलत होते. आता करून टाकते.

खरं सांगायचं तर भीती वाटते. ऑपरेशनची नाही. डोळा गेला तर आखणी गेली, आणि घरात पुढे घेणारं कोणी नाही.

१ डिसेंबर

झालं ऑपरेशन. डोळ्यात थेंब घालून पडून आहे. काळा चष्मा दिलाय, धुळीत जाताना आणि उन्हात लावायचा. सुरभी थेंब वेळच्या वेळी घालते. थेंब घालताना तिचा हात जराही हलत नाही. मला डोळा वर करून छताकडे बघायला लागतं, पण कळतं ना. लाडू लागू पडायला लागले.

मालूचा फोन आला. "काकू, तुमच्या जागी मी बसते. बसते म्हंजे काय, पालेभाजी निवडते. फौजदार गुमान हाय. जनी पाय धरून बसत नाय पहिल्यावानी."

"जांभया देतो का?"

"तुमच्याशिवाय त्याला झोप कुठली!"

जरा बरं वाटलं की माझी आठवण काढतात.

१२ डिसेंबर

कामावर परतले. काळा चष्मा लावून स्टुलावर बसले तेव्हा मालू ओरडली, "आली आली, शिनेमातली हिरॉईन आली!" दात न दाखवता हसायला मला अजून जमत नाही, तोंडावर पदर धरला.

फौजदार आला, समोर बसला, मला वरखाली बघितलं आणि निघून गेला. जांभई नाही. मला विसरला काय? जनी जाळीशी आली, चष्म्यात तिला स्वतःचंच तोंड दिसलं असेल. तिने मान इकडे केली, तिकडे केली, मग कंटाळून वळली आणि पलीकडच्या जाळीपाशी जाऊन शांतीकडे बघत बसली. शांती पाला उलटत होती. शांतीने एक पान उचललं, जनीने तिच्या बाजूचं एक पान उचललं.

मला वाईट वाटलं. एवढी माझी माझी करणारी पोर.

१६ डिसेंबर

दार उघडलं. जनी आत गेली. माझ्याकडे आली नाही, खाली पाल्यात शांतीपासून हातभर लांब जाऊन बसली. तायडीने वरून बघितलं, पिल्लाला पोटाशी घेतलं आणि तिथेच राहिली. फौजदार गालातली काकडी खात होता. डॉक्टर दोरी धरून उभ्या होत्या, त्यांनी ती सोडलीच नाही. जनी बराच वेळ आत होती आणि कोणी कोणाला काही केलं नाही. मालू पाइप ठेवून रडत होती. म्हणाली, घाम आला.

मग मी एक केलं. सावली आली होती, चष्मा नकोसा झाला, म्हणून काढला आणि जनीला नीट बघायला पुढे वाकले. नवीन डोळ्याने काय लख्ख दिसतं! फौजदार ताडकन उठला. सरळ माझ्यासमोर आला आणि तोंड फाडून जांभई. तायडी फळीवरून खाली यायला लागली. जनीने शेपूट आत घेतली.

"अनिताताई," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चष्मा लावा."

लावला. फौजदार थोडा वेळ तसाच बसला आणि मग मागे फिरला. तायडी परत वर गेली.

१७ डिसेंबर

काल लिहवलं नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. माकडाची जांभई झोपेची नसते. सुळे दाखवायचे असतात, 'बऱ्या बोलाने जा' म्हणून. आणि डोळ्याला डोळा लावणं म्हणजे भांडणाचं आमंत्रण. मी रोज त्या घरासमोर बसून सगळ्यांना भांडणाचं आमंत्रण देत होते. फौजदाराला आणि तायडीला मी चावायला मिळत नव्हते. राग निघायचा तो खालच्यावर, आणि सगळ्यांत खालची जनी.

"मी रोखून बघू नका म्हणाले होते," डॉक्टर म्हणाल्या. रागाने नाही.

"मी रोखून कुठे बघत होते? मी नुसतं बघत होते."

डॉक्टर हसल्या. "अनिताताई, तुमचं नुसतं बघणं म्हणजे..." मालूने वाक्य पुरं केलं. "टॉर्च मारल्यावानी हाय काकू. मी पण पाटी घेऊन दुसऱ्या बाजूने जाते."

जनीच्या बोटाचा व्रण मनातून जात नाही. डॉक्टरांना म्हटलं, मला काढून टाका. त्या म्हणाल्या, "चूक माझीही आहे, जांभया मी तक्त्यात बघत होते आणि तुमच्याकडे बघायला आले नाही. आता काढणार नाही. एवढा वेळ बसणारं दुसरं कोण मिळेल? फक्त बाजूने बघायला शिका."

माझ्या वयाला बघायला शिकायचं.

२३ डिसेंबर

शिकतेय. कडेने बसायचं. मांडीवर निवडायला काहीतरी घ्यायचं. मान खाली, नजर भुईवर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं येईल तेवढं घ्यायचं. नजर भिडलीच तर ओठ चुटुचुटु वाजवून दुसरीकडे बघायचं, ते त्यांच्यातलं 'नमस्कार, तुमचं चालू द्या.' पहिले दोन दिवस मान दुखली. पण गंमत अशी की जास्त दिसतं. मी समोर बघायची तेव्हा सगळी माझ्याकडेच बघत बसायची. आता ती आपापलं करतात. तायडी पिल्लाला शेपटीला धरून कसं मागे ओढते, फौजदार कोणी बघत नाही असं पाहून शांतीची काकडी कशी उचलतो, आणि शांती ते बघूनही कशी न बघितल्यासारखं करते, हे मला आत्ता दिसलं.

आज शांतीने जनीच्या पाठीचे केस विंचरले. जनी ताठ झाली, डोळे मिटले, आणि मग लोण्यासारखी आडवी पडली. बिचारीला जन्मात कोणी विंचरलं नसेल.

४ जानेवारी

सवय घरीही लागली. हे म्हणतात, "माझ्याशी बोलतेस का चुलीशी?" रात्री जेवताना मी नकळत ओठ वाजवले तेव्हा रितेशला ठसका लागला.

माघी गणपतीच्या थोड्या मूर्ती आहेत. नव्या डोळ्याला अजून जपायला सांगितलंय, म्हणून दिवसाला एखादीच आखते. आज सरावाच्या मूर्ती सुरभीपुढे ठेवल्या आणि मी दाराशी तिच्याकडे पाठ करून वालाच्या शेंगा सोलत बसले. केंद्रात न्यायच्या होत्या, डॉक्टर उकडूनच देतात. अर्धी पाटी सोलून झाली. मग सुरभी गुणगुणायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. गळा बरा आहे.

१० जानेवारी

जनी आता मधल्या दाराने परत येतच नाही. रात्रीही त्यांच्यातच झोपते, शांती आणि तायडीच्या मध्ये, तिघींच्या शेपट्या खाली लोंबतात. डॉक्टरांनी त्या दुसऱ्या बागेला कळवून टाकलं की पिंजरा तुमचा तुम्हाला लखलाभ. ते त्यांनी चांगल्या शब्दांत कळवलं असेल, मालूने सांगितलं ते असं.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर आगीचा ढीग. वासाने फौजदाराने असा काही हुंकार दिला की जीपवाला दचकला.

निघताना जनीसमोरून गेले. तिने एकदा बघितलं, ओठ वाजवले आणि तोंड फिरवून पिल्लाच्या मागे गेली. अगदी त्यांच्यातल्यासारखं. जीपमध्ये मालूने विचारलं, "काकू, डोळ्यांत पाणी?" म्हटलं, ऑपरेशनचं.

२१ जानेवारी

उद्या माघी गणपती. आज मूर्ती न्यायला लोक यायचे होते. मी सुट्टी घेतली, पण सकाळीच पेणला डोळा दाखवायला जावं लागलं. परत यायला दुपार झाली. एका मूर्तीचे डोळे राहिले होते, ते मीच आखणार होते. पायरीवर आले तर सुरभी त्याच मूर्तीसमोर बसलेली, श्वास रोखून. डावा डोळा झालेला, उजवा चालू. मी तिथेच पायरीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून. एक एसटी गेली. विठूची आई पलीकडून हातवारे करून विचारत होती, काय झालं? मी ओठ वाजवून दुसरीकडे बघितलं.

"आई."

"काय गो?"

"बघा ना."

"बघू?"

"बघा. सरळ बघा."

उठले, मूर्तीसमोर बसले, डोळ्याला डोळा लावला. देवाला चालतं. पापणीची रेघ केसाएवढी. नजर सरळ आणि मऊ. माझ्या आखणीत एक जरब असते, लोक म्हणतात. हिच्यात ती नाही. हा गणपती आपल्याकडे बघतोही आणि आपलं आपल्याला करूही देतो.

"कंपनीचं काय झालं?" मी विचारलं.

"कुठली कंपनी?" सुरभी म्हणाली आणि ब्रश धुवायला गेली.

मी उगाच काळजी करत होते. ऑक्टोबरपासून नेमाने लाडू खाल्ले, त्याचा गुण आला. अळीव संपत आलेत, उद्या पेणहून आणखी आणायला हवेत.